सुजाताताईंचं ‘म्हणजे काय’

समोरचा आपलं लिखाण मोठ्याने वाचायला लागला की सुजाताताई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरमधून गरम वाफा येत असताना, चाळिशीतली उंच, धिप्पाड बाई अशी थंडी वाजल्यासारखी बसलेली पाहून नवीन मुलं चपापायची. कुणी विचारलंच तर ताई सांगायच्या, “हात मोकळे राहिले तं पेनाकडं जाते. आन् पेन एकदा का माह्या हातात आलं, का ते लिखाण तुह्यं राहत नाही.”

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर, वर्तमानपत्रांच्या टेबलांपलीकडे, एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असायचे. ते हलवून तिथे लेखन केंद्र काढलं. ज्या विद्यार्थ्यांना लिहिता येतं असं कुणालातरी वाटतं, त्यांनी तिथे बसायचं आणि ज्यांचं लिहिणं अडलं आहे अशा विद्यार्थ्यांना मदत करायची. सरकारी भाषेत आम्ही ‘सहाध्यायी लेखन मार्गदर्शक’. मुलं मात्र त्या खोलीला दवाखाना म्हणायची. “दवाखान्यात आज कोण आहे बे?” असं बाहेर विचारलं जायचं आणि आत सुजाताताई आहेत असं कळलं की अर्धे जण खूश व्हायचे आणि अर्धे दुसऱ्या दिवशी यायचे.

वयाने त्या आमच्या मावशीसारख्या, पण कागदोपत्री आमच्या बरोबरीच्या. लग्न झालं, मुलगा शाळेत जायला लागला, मग बाईंनी पुन्हा शिक्षण धरलं आणि एम.ए. करून पीएच.डी.ला नाव नोंदवलं. राहायला उत्तर नागपुरातल्या वस्तीत. जुनी स्कूटी, तिच्या हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी, आणि खोलीत शिरल्या शिरल्या पहिलं काम म्हणजे कूलरमध्ये पाणी ओतणं. शिपायाने ते कधी केलं असतं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं.

मी दवाखान्यात दाखल झाले ती डॉक्टर म्हणून, असा माझा समज होता. नागपूरच्या महाल भागातली मुलगी मी. घरीदारी सगळ्यांचे अर्ज मीच दुरुस्त करायची, लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या हाताखालून जायची. निवड झाली त्या दिवशी मी बर्डीच्या बाजारात जाऊन लाल पेनांचा संच आणला आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर ओळीने मांडून बसले. सुजाताताईंनी आधी पेनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे कायले वं?”

“तपासायला.”

“मास्तरीन व्हाले आली का?” त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. “मास्तरीन तिकडं वर्गात राहते. इथं आपण शेजारीन. शेजारीन घरात येऊन भांडे घासून देते का? बसते, ऐकते, मधातच एखादी गोष्ट विचारते आन् आपल्या घरी जाते.”

लाल पेनं ग्रंथालयाच्या बाबूंकडे रवाना झाली. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीच्या वेळी ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. बी.ए.ची मुलगी निबंध वाचत होती, आणि तिच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्याला माझा हात आपोआप कागदाकडे निघत होता. तो निघाला की टेबलाखालून माझ्या पायाला ताईंच्या चपलेचा धक्का. मुलीला काही कळलं नाही. तिचा निबंध बरा झाला आणि माझ्या पायाचा अंगठा सुजला.

शिकवलं असं त्यांनी आम्हाला काही नाही. त्यांना बसलेलं पाहून आम्ही शिकलो. मुलगा खुर्चीत बसला की ताई आधी त्याला पाणी द्यायच्या, मग म्हणायच्या, “वाच. मोठ्यानं वाच. मले चष्म्याशिवाय दिसत नाही.” चष्मा पर्समध्ये असायचा, पण त्या तो काढायच्या नाहीत. कागद स्वतःकडे ओढायचा नाही म्हणून हे सगळं नाटक. मग डोळे अर्धवट मिटून ऐकायच्या. वाक्य पटलं तर “हं”. नाही पटलं तर अगदी निरागसपणे, खरोखरच कळलेलं नसल्यासारखं विचारायच्या, “म्हणजे काय?”

या दोन शब्दांनी भल्याभल्यांची भंबेरी उडायची. कारण बहुतेकांनी ते वाक्य कुठूनतरी उचललेलं असायचं आणि त्याचा अर्थ काय हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारलेला नसायचा. मुलगा आधी घुटमळायचा, मग चिडायचा, आणि मग कंटाळून आपल्या बोलीत खरं काय ते सांगून टाकायचा. ताई तेवढ्याचीच वाट पाहत असायच्या. “हे लिही,” म्हणायच्या.

यवतमाळकडचा प्रणय नावाचा भूगोलाचा मुलगा होता. नाग नदीच्या पाण्यावर त्याचा प्रकल्प होता. पहिलंच वाक्य त्याने छाती फुगवून वाचलं: “सदर प्रकल्पाच्या अनुषंगाने नाग नदीच्या जलगुणवत्तेचे सर्वंकष मूल्यमापन करण्याचा अल्पसा प्रयत्न करण्यात आलेला आहे.”

“म्हणजे काय?” ताई म्हणाल्या.

प्रणयने तेच वाक्य पुन्हा, जरा हळू वाचलं.

“ते ऐकलं मी. तू नदीवर गेला होता ना गा? घरी आईले फोन केला असन. तिले काय सांगितलं?”

“आईले?” प्रणय ओशाळला. “आईले म्हटलं, आई, पाणी पाहाले गेलो तं पाणी नव्हतंच ते. बाटली बुडवली तं हाताले दोन दिवस वास येऊन राहिला. आन् तिथंच काठावर एक बाई भाजी धुऊन राहिली होती.”

“हे लिही,” ताई म्हणाल्या, आणि दुसरं कुणी आलं म्हणून उठल्या.

प्रणय हा आज्ञाधारक मुलगा. त्याने हेच लिहिलं. ‘आई’सकट हेच. प्रकल्प अहवालाचं पहिलं प्रकरण, पहिली ओळ: “आई, पाणी पाहायला गेलो तर पाणी नव्हतंच ते.” तो अहवाल त्याच्या मार्गदर्शक सरांच्या हातात पडला आणि सर तडक केंद्रात आले. हातात टाइप केलेली तक्रार, चेहरा लालबुंद. आम्ही सगळ्यांनी पुस्तकांत माना घातल्या. ताईंनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “वाचा ना सर. मोठ्यानं वाचा. मले चष्म्याशिवाय दिसत नाही.”

सर वाचू लागले. “अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते की, आपल्या केंद्राच्या अनाठायी हस्तक्षेपामुळे विद्यापीठाच्या संशोधनविषयक परंपरेची अपरिमित हानी झालेली असून...” इथपर्यंत आवाज चढा होता. मग का कोण जाणे, उतरला. स्वतःचं लिहिलेलं स्वतःच्याच कानावर पडलं की माणूस जरा दचकतोच. ताईंचे हात मांड्यांखाली, डोळे अर्धवट मिटलेले.

“हानी म्हणजे काय, सर?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, सरांना ते कळलं असावं.

“हानी म्हणजे... तसं नाही. ते जरा जास्त झालं.” सरांनी खिशातून पेन काढून ते वाक्य खोडलं. मग त्याच्या पुढचंही खोडलं. चहा झाला तोवर तक्रारीत एकच ओळ उरली होती: ‘आई’ हा शब्द काढावा, बाकी ठीक. जाताना सर म्हणाले की भाजी धुणाऱ्या बाईचा उल्लेख मात्र राहू द्या. प्रणयला त्या प्रकल्पात चांगले गुण मिळाले आणि तो जन्मभरासाठी ताईंचा भक्त झाला.

एवढं सगळं जमणाऱ्या सुजाताताईंचा स्वतःचा प्रबंध मात्र लिहून होत नव्हता, आणि ते सगळ्या विद्यापीठाला माहीत होतं.

त्यांचा विषय होता बिडी वळणाऱ्या बायकांची गाणी. ताईंची आई, जिला त्या माय म्हणायच्या आणि मग आम्हीही माय म्हणायला लागलो, सगळं आयुष्य दारात सूप घेऊन बिड्या वळत आली. तिच्या आजूबाजूला वस्तीतल्या आणखी बायका. तेंदूची पानं कापता कापता त्या गायच्या. कुठे बाबासाहेबांवर, कुठे सासूवर, कुठे कारखान्याच्या मुकादमावर. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. ताईंनी वर्षानुवर्षं घरोघर जाऊन ही गाणी मोबाइलवर उतरवून घेतली होती. माल सगळा तयार. फक्त लिहायचं बाकी.

आणि ते लिहिताना काय व्हायचं, हे मी शेजारच्या टेबलावरून पाहत होते. ताई एक वाक्य लिहायच्या. त्याच्याकडे पाहायच्या. मग ओठ हलायचे, “म्हणजे काय?” आणि वाक्य खोडायच्या. दुसरं लिहायच्या. म्हणजे काय? तेही खोडायच्या. दुसऱ्याला जो प्रश्न विचारला की तो बोलायला लागायचा, तोच स्वतःला विचारला की ताई गप्प व्हायच्या. हा आमच्या धंद्यातलाच रोग म्हणायचा. दुसऱ्या कुणाला असा आजार होईल असं मला वाटत नाही.

शेवटी केंद्राच्या प्रमुख मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं की मुदतवाढ आता मिळणार नाही. उन्हाळा संपेपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी गेली की केंद्रातली जागाही गेली. मॅडमना स्वतःला वाईट वाटत होतं. ताई बाहेर आल्या, कूलरमध्ये पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “चला, आता लिहाच लागते.” मला त्यांच्याकडे बघवेना. माय थकत चालली होती. गाणी अर्ध्यावर विसरायला लागली होती. हा प्रबंध राहिला असता तर ताईंची पदवी तर गेलीच असती, पण त्या बायकांचं जे उरलं होतं तेही मोबाइलच्या एका कोपऱ्यात पडून राहिलं असतं.

प्रणय त्या वेळी नोकरी शोधत होता आणि रोज केंद्रात यायचा. त्याला ताईंची अडचण कळली. त्याने ताईंची टिपणं मागून नेली आणि चार दिवसांनी एक अख्खं प्रकरण छापून आणलं. “कॉम्प्युटरनं केलं, ताई,” तो म्हणाला. “तुमचेच मुद्दे आहेत. मी फक्त त्यात टाकले, लिहिलं त्यानं. बाकीची प्रकरणंही होऊन जाईन.”

ताईंनी पर्समधून चष्मा काढला आणि मोठ्याने वाचलं. “श्रमसंस्कृतीच्या परिघावर स्थित स्त्रियांच्या मौखिक अभिव्यक्तीतून प्रतिरोधाचा स्वर अधोरेखित होतो.” मग म्हणाल्या, “चांगलं लिहिते रे हा.” आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

मी धसकले. प्रणयचा राग यावा असं त्याने काही केलं नव्हतं, त्याच्या परीने तो ऋण फेडत होता. आणि ताईंनी ते प्रकरण दिलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं, उलट वाहवा झाली असती. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, देऊन टाका ताई, मोकळ्या व्हा.

सोमवारी ताई आल्या त्या हसतच आल्या. “मायले वाचून दाखवलं,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“पूर्ण ऐकून घेतलं तिनं. आन् मले म्हणते, ‘चांगल्या आहेत वं ह्या बायका. पुण्याच्या आहेत का?’”

प्रणयसुद्धा हसला. मग ताई उठल्या आणि टेबलाला वळसा घालून आल्या. माझ्या समोर, जिथे विद्यार्थी बसतात त्या खुर्चीत त्या बसल्या. पेन आणि कोरे कागद पुढे ठेवले.

“विचार,” त्या म्हणाल्या. “माह्यानं एकटीनं नाही होत. तू विचार.”

ज्यांनी मला बसायला शिकवलं त्यांना मी काय विचारणार? पण त्यांनी लिहायला सुरुवात केली, एक वाक्य लिहिलं आणि वाचलं. “बायका काम करताना वेळ जावा म्हणून गात असत.”

मी विचारलं, “वेळ जावा म्हणजे काय?”

“वेळ जावा म्हणजे वेळ जावा. माह्यावरच चालवून राहिली का वं?” ताई खरोखर चिडल्या.

“नाही ताई. मले खरंच माहीत नाही. आमच्या घरी बिडी नाही वळत कोणी. बायका गप्पा नसत्या मारू शकत का? गाणंच काहून?”

ताईंचे हात टेबलावर हलायला लागले, पान धरावं, कैची चालवावी तसे. “गप्पा नाही मारता येत,” त्या हळूहळू म्हणाल्या. “गप्पा मारल्या का समोरचीकडं पाहा लागते. पाहिलं का मान वर होते. मान वर झाली का हात थांबते, नाही तं कैची बोटात जाते. गाण्यात कोणाकडं पाहा लागत नाही. मान खाली ठेवून सगळ्या एकमेकींसंग राहू शकते.”

“हे लिहा, ताई,” मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं. खोडलं नाही. तो सगळा उन्हाळा आम्ही तशाच बसलो. सकाळची मुलं आटोपली की ताई त्या खुर्चीत यायच्या. कधी भांडायच्या, कधी कागद भिरकावायच्या, कधी एखादं गाणं म्हणून दाखवताना मध्येच थांबायच्या आणि डोळे पुसायच्या. मी हात मांड्यांखाली घेऊन बसायची. त्यांच्यासारख्या बाईच्या वाक्यालाही हात लावावासा वाटतो, हे मला तेव्हा कळलं, आणि लावायचा नाही हेही तेव्हाच पक्कं कळलं. निवडपत्र मला आदल्या वर्षी मिळालं होतं, पण लेखन केंद्रात बसणारी मी त्या उन्हाळ्यात झाले.

प्रबंध मुदतीत गेला. पुढे मौखिक परीक्षा झाली, पदवी मिळाली, आणि ताई भंडाऱ्याकडे एका कॉलेजात शिकवायला गेल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या मनात ताई म्हटलं की पदवी येत नाही, मौखिक परीक्षेची ती दुपार येते.

परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसावं अशी. वस्तीतून बायका आल्या होत्या, निळ्या-पांढऱ्या साड्या नेसून, माय मधोमध पहिल्या रांगेत. मागे आम्ही केंद्रातली मंडळी आणि प्रणय. ताई व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या, छान बोलल्या. बाहेरगावचे परीक्षक वयस्क होते आणि त्यांनी प्रबंध खरोखर वाचलेला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “तुम्ही एवढी गाणी जमवलीत. सासू आहे, नवरा आहे, मुकादम आहे, बाबासाहेब आहेत. सासरी गेलेली लेक आहे. पण शिकणाऱ्या लेकीवर एकही गाणं नाही. तुमच्यासारख्या मुली तर त्या घरांतूनच शिकत होत्या. हे कसं?”

ताई म्हणाल्या, “हो सर. मी पुष्कळ शोधलं. बायकांनी त्यावर गाणी केलेली दिसत नाहीत. जे सापडलं नाही ते मी लिहिलं नाही.”

“आहे नं,” पहिल्या रांगेतून माय म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “माय, मले काहून नाही सांगितलं मग? इतके वर्षं मी मोबाइल घेऊन तुह्या समोर बसली.”

“तेच तं,” माय म्हणाली. “तू समोर बसे. ते समोर म्हणाचं गाणं नाही.”

परीक्षकांनी हातानेच विचारलं, आता म्हणणार का? माय उठून उभी राहिली. तिने पदर नीट केला आणि लेकीला म्हणाली, “तिकडं तोंड कर.”

सुजाताताईंनी क्षणभर परीक्षकांकडे पाहिलं. मग त्या वळल्या आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माय म्हणाली, तिच्या पिचलेल्या आवाजात, अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी अभ्यास करत असावं तशी:

पानं भिजवली, सुपात ठेवली,
लेक माही लिहाले बसली.
काय लिहिते मले कळेना,
तिची पाठ पाहून मी हसली.

ताई वळल्या नाहीत. त्यांची वेणी आणि सुती कुडत्याची पाठ एवढंच आम्हाला दिसत होतं. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मागून कळायला मार्ग नव्हता. माय मात्र त्या पाठीकडे पाहून हसत होती.